नांगराची मूठ कोणी धरायची?

२००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पाच मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडणे हे त्यांतले पहिले. घोकंपट्टीपासून सुटका, पाठ्यपुस्तकापलीकडे जाणे, परीक्षा लवचिक करणे आणि लोकशाहीची चाड बाळगणारी ओळख घडविणे ही उरलेली चार. शिक्षक होऊ घातलेली आपली मुले आता ही पाचही तत्त्वे परीक्षेसाठी पाठ करतात. (घोकंपट्टीविरोधी तत्त्वसुद्धा घोकूनच!) पहिल्या तत्त्वाला सहसा कोणी हरकत घेत नाही. पुस्तकी शिक्षण नको, जीवनाचे शिक्षण हवे, हे ऐकायला सर्वांनाच गोड लागते. परंतु ज्या समाजात शाळेबाहेरचे जीवन जातीने आखून दिले आहे, तेथे ज्ञान कोणाच्या जीवनाशी जोडायचे? आणि कशासाठी? त्या जीवनात शहाणे होण्यासाठी, की त्याच जीवनात पुन्हा जाऊन बसण्यासाठी?

हा प्रश्न जुना आहे आणि महाराष्ट्राने तो फार लवकर पाहिला. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. सरकार शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गाला शिकविते, ही त्यातली तक्रार आपल्याला तोंडपाठ आहे. त्या निवेदनात एक अख्खा अभ्यासक्रम आहे, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे थोडे धडे. खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण त्यांचा व्यवहारातला उपयोग कमी असता कामा नये. शेतीच्या पाठासाठी शाळेला जोडून लहानशी नमुना शेती असावी. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे. चालू क्रमिक पुस्तके निरुपयोगी आहेत, ती नव्याने रचावीत. महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत म्हणून ती शाळेबाहेर राहिली आहेत, हेही त्यांनी त्याच कागदात नोंदविले.

विषयांचा क्रम पाहण्यासारखा आहे. अक्षर आणि हिशेब आधी, शेती नंतर. सारा भरणाऱ्या, सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणाऱ्या माणसाला आधी ती वही वाचता आली पाहिजे. आणि शिक्षक कसा असावा? तो शेतकरी वर्गातून आलेला असावा आणि प्रसंग पडला तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. फुल्यांचे वेगळेपण मला येथे दिसते. अंगमेहनतीची लाज घालविण्याचे ओझे त्यांनी कुणब्याच्या पोरावर टाकले नाही. ते शिक्षकावर टाकले. पोराला नांगर ठाऊकच होता.

पुढच्या काळात हे नाते उलटे झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा माध्यम, आणि सर्व विषय एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. ब्राह्मणाच्या मुलानेही टकळी हाती धरावी, ही त्यातली चांगली बाजू मान्य केली पाहिजे. पण मुलांच्या हातच्या मालातून शिक्षकाचा खर्च निघावा ही अपेक्षा त्यात होती. ज्यांची मुले पिढ्यान्‌पिढ्या राबतच होती, त्यांना शाळेतही राबण्याची अपूर्वाई कशी वाटावी? त्यांना अक्षर हवे होते.

या विचाराचे खरे रूप १९५३ साली मद्रास राज्यात उघडे पडले. मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी दिवसाला तीन तास शाळेत बसायचे आणि उरलेला वेळ घरी आईबापांचा धंदा शिकायचा. सरकारची अडचण खरी होती. शाळा कमी, शिक्षक कमी, पैसा कमी. दोन पाळ्या केल्या की त्याच शाळेत दुप्पट मुले मावतात. पण पैशाच्या अडचणीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्यात आला. घर हीच शाळा, बाप हाच गुरू, जीवन हेच पुस्तक! वकिलाच्या मुलाचे जीवन आणि गावची मेलेली ढोरे ओढणाऱ्याच्या मुलाचे जीवन यांत फरक असतो, एवढीच गोष्ट ही भाषा विसरली. पेरियार आणि द्रविड चळवळीतील लोक ती विसरले नाहीत. त्यांनी या योजनेला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव दिले आणि त्या नावानेच ती ओळखली जाऊ लागली. योजनेच्या तपासणीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. पारुळेकर होते आणि समितीने योजनेला अनुकूल मत दिले. तज्ज्ञांना जे दिसले नाही, ते रस्त्यावरच्या माणसाला दिसले. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले. कामराज आले आणि त्यांनी योजना रद्द केली.

यानंतर कोणत्याही राष्ट्रीय आराखड्याने आईबापांचा धंदा शिका असे म्हटले नाही. शब्द बदलले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सांगितला, १९७५ च्या दहा वर्षांच्या शाळेच्या आराखड्याने तो स्वीकारला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटले. १९७५ च्या आराखड्याने गणित आणि विज्ञान दहावीपर्यंत सर्वांना आवश्यक करावे असे सांगितले, हे त्याचे मोठे काम. पण कार्यानुभवाच्या तासाला प्रत्यक्षात काय होई? माझ्या शाळेत त्या तासाला काही मुले कागदी फुले करीत आणि काहींच्या हाती खराटा येई. खराटा कोणाच्या हाती येई, हे या पृष्ठांच्या वाचकांना सांगायला नको. घरात शाळेची पायरी चढलेले कोणी नव्हते. त्यामुळे अभ्यासक्रमात असे लिहिलेले नाही, हे गुरुजींना विचारणारेही कोणी नव्हते.

१९८६ च्या धोरणाने गाभाघटक दिले आणि १९८८ चा आराखडा त्यांवर उभा राहिला. समता, लोकशाही, धर्मनिरपेक्षता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टी, सर्व काही आहे. त्यात सामाजिक अडसर दूर करण्याचाही एक घटक आहे. अडसर! रोगाचे नाव न घेता औषध लिहून देण्याचा हा प्रकार. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने ‘अडसर’ या शब्दाखाली अंधश्रद्धा घालावी की हुंडा, हे त्याच्या मर्जीवर. जातीचे नाव न घेताही तो घटक पुरा करता येतो.

२००५ च्या आराखड्याला येथे वेगळे काढले पाहिजे. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील या कामासाठी २१ अभ्यासगट नेमले होते आणि त्यांतला एक अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या प्रश्नांवर होता. वर्गातला भेदभाव हा अभ्यासक्रमाचाच प्रश्न आहे हे त्यामुळे मांडता आले. नागरिकशास्त्राच्या उपदेशाऐवजी राज्यशास्त्र शिकवावे, समाजाकडे दलित आणि स्त्रिया यांच्या नजरेनेही पाहावे, हे सांगितले गेले. मग पहिल्या तत्त्वाचा चांगला अर्थ काय होऊ शकतो? कांचा इलय्या यांनी २००७ मध्ये मुलांसाठी श्रमप्रतिष्ठेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात कुंभार, चांभार, धोबी, न्हावी यांच्या कामातले ज्ञान सांगितले आहे. मी त्याच वाटेने आपल्याकडचे उदाहरण घेतो. कच्चे कातडे मिठात ठेवले तर सडत का नाही? चुन्याच्या कुंडीत त्याचे केस का सुटतात? हिरडा आणि बाभळीची साल यांत असे काय आहे की कातडे टिकाऊ होते? हा रसायनशास्त्राचा धडा आहे आणि आपल्याकडे ढोर समाजाने तो शतकानुशतके हातांनी जपला. हा धडा सर्व मुलांना, प्रयोगशाळेत, परीक्षेच्या गुणांसह शिकवला तर ज्ञान जीवनाशी जोडले जाईल. तोच धडा फक्त ढोराच्या मुलाला ‘तुझ्या परिसरातला’ म्हणून दिला तर ते १९५३ झाले.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे आहे. २०२३ च्या आराखड्याने सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्य यांचे काम आणि मानवी सेवा असे कामाचे तीन प्रकार करून व्यवसाय शिक्षण सर्वांसाठी ठेवले. सर्वांसाठी, हे महत्त्वाचे. धोरणाने उदाहरणादाखल सुतार, माळी, कुंभार आणि कलावंत यांची नावे घेतली आहेत. पुढे ‘इत्यादी’ आहे. या इत्यादीत कोण बसणार, ते गावची शाळा ठरविणार. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्या हातात ती यादी येईल. तीत कातडे कमावणाऱ्याचे नाव घालता येते, त्याला विज्ञानाच्या तासाला खुर्चीवर बसविता येते, पाटलाच्या मुलाला त्याच्याकडे पाठविता येते. आणि त्या दिवशी चुन्याच्या कुंडीत पहिला हात मुख्याध्यापकांचा पडेल असा आग्रहही धरता येतो.