विद्यार्थ्याचा पास

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. त्या एकवीस मैलांच्या प्रवासाचें तिसऱ्या वर्गाचें भाडें ५ आणे ३ पै, म्हणजे मैलास तीन पै, असें होतें. हिशेब सरळ खरा. परंतु ठाण्याच्या एखाद्या मुलानें मुंबईच्या शाळेंत रोज जावयाचें मनांत आणलें असतें, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांच्या जाण्यायेण्यास त्याला १६ रुपये ६ आणे ६ पै मोजावे लागले असते. त्या काळीं मराठी शाळांतील कित्येक पंतोजींस एवढें मासिक वेतनही मिळत नसे! १८५७ सालीं मुंबईस विद्यापीठ स्थापन झालें, तरी बाहेरगांवचा गरीब विद्यार्थी आप्ताच्या घरीं राही, नाहीं तर वार लावून जेवी.

ही अडचण पुढें दूर केली ती मासिक पासानें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावूं लागली, उपनगरें वाढलीं, आणि घरचें जेवून कॉलेजांत जाणारा विद्यार्थी हा मुंबईचा एक नित्याचा देखावा झाला.

पासाची किंमत मात्र कशी ठरते, हें तो खिशांत बाळगणारांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. अमुक अंतराच्या एकेरी भाड्यास फेऱ्यांच्या एका ठराविक संख्येनें गुणावयाचें, हें त्याचें सूत्र. मुंबईंत ही संख्या सुमारें पंधरा होती. प्रत्यक्षांत उतारू महिन्यांत पन्नास फेऱ्या करतो. विद्यार्थ्यास या किंमतीच्याही निम्मेंच द्यावें लागतें. तेव्हां भाडें न वाढवितां केवळ ही संख्या बदलली, तरी घराघरांतील जमाखर्च कोलमडूं शकतो.

तसा प्रसंग २०१४ सालीं आलाच. २० जून रोजीं रेल्वे मंत्रालयानें प्रवासी भाड्यांत १४.२ टक्के वाढ जाहीर केली, आणि त्याबरोबरच पंधराऐवजीं तीस फेऱ्या धरून पासाची आकारणी होईल असें सांगितलें. टक्क्यांची चर्चा पुष्कळ झाली. खरा घाव होता तो या तीस आंकड्याचा. त्यानें पास दुपटीहून महाग झाला असता, आणि प्रौढ उतारू कालपर्यंत जें देत होता त्याहूनही अधिक विद्यार्थ्यास द्यावें लागलें असतें. सवलत कागदावर तशीच, लाभ मात्र नाहींसा! मुंबईंत मोठा क्षोभ उसळला, खासदारांनीं रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांची भेट घेतली, आणि २४ जून रोजीं पंधरा फेऱ्यांचा हिशेब कायम झाला. दुसऱ्या वर्गाच्या उपनगरी प्रवासास ८० किलोमीटरपर्यंत वाढही माफ झाली. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत विधानसभेची निवडणूक व्हावयाची होती, हें येथें विसरूं नये.

बाकीचा गोंधळ आहेच. नव्या मुंबईचे लोहमार्ग सिडकोच्या पैशाची भर घालून बांधले गेले, म्हणून तेथील तिकिटांवर अधिभार बसला. सारख्याच अंतराला दोन ठिकाणीं दोन दर कां, याचें उत्तर त्यांत आहे. २०१३ पासून उपनगरी भाडीं पांच रुपयांच्या पटींत आलीं, त्यामुळें एका स्थानकाच्या फरकानें भाडें एकदम पांच रुपयांनीं चढतें. जुलै २०२५ मध्यें लांबच्या प्रवासाचीं भाडीं वाढलीं, तेव्हां उपनगरी तिकिटें व पास वगळण्यांत आले. विद्यार्थ्यास मात्र कॉलेजाचा दाखला घेऊन, घराजवळचें व कॉलेजाजवळचें स्थानक त्यांत बिनचूक लिहवून, खिडकीपुढें रांगेंत उभें राहावें लागतेंच.