वकिलीतील उमेदवारी (अमेरिका)

कायद्याच्या महाविद्यालयात न जाता, सनद असलेल्या वकिलाच्या कचेरीत शिकून वकील होण्याची अमेरिकेतील पद्धत. तिकडे हिला ‘कायदा वाचणे’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हाच रूढ मार्ग होता. उमेदवाराने दस्तांच्या नकला करायच्या, इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांचे ग्रंथ वाचायचे आणि तयारी झाली की परीक्षकांपुढे उभे राहायचे. या संदर्भात अब्राहम लिंकन यांचे नाव हटकून येते. पण त्यांनी अशी उमेदवारीही केली नव्हती. जॉन स्टुअर्ट या वकील मित्राकडून पुस्तके आणून ते एकटेच शिकले, आणि 1836 मध्ये त्यांना सनद मिळाली.

पुढे हार्वर्डसारख्या विद्यापीठांतील वर्गशिक्षणाचे वजन वाढले आणि विसाव्या शतकात बहुतेक राज्यांनी पदवी सक्तीची केली. तरीही 1941 मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमले गेलेले जेम्स बर्न्स कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी कधी चढले नव्हते.

कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या राज्यांत ही वाट अजून खुली आहे. फीचा डोंगर टळतो, हे तिचे मोठे आकर्षण. मात्र सोपी म्हणून कोणी निवडू नये. कॅलिफोर्नियात चार वर्षे, आठवड्याला 18 तास अभ्यास करावा लागतो. त्यातले किमान पाच तास वकिलाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. हा वकील निदान पाच वर्षे वकिली केलेला हवा. तोच दरमहा परीक्षा घेतो. पहिल्या वर्षानंतर राज्याची वेगळी परीक्षा असते. प्रसिद्ध दूरचित्रवाणी कलाकार किम कार्डाशियन ती 2021 मध्ये चौथ्या खेपेस उत्तीर्ण झाल्या. खरी अडचण मात्र त्याआधीची आहे: आपल्या पक्षकारांची कामे सांभाळून चार वर्षे शिकवणारा वकील मिळायचा कुठून? शिवाय या वाटेने मिळालेली सनद दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही.

महाराष्ट्रातही पदवीशिवाय वकिली अनोळखी नव्हती. ‘डिस्ट्रिक्ट प्लीडर’ची परीक्षा देऊन अनेकांनी जिल्हा न्यायालयांत वकिली केली, लोकमान्य टिळक पुण्यात अशा परीक्षांचे वर्ग घेत. 1961च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनंतर नव्याने सनद घेणाऱ्याला कायद्याची पदवी अनिवार्य झाली. ज्येष्ठ वकिलाकडची उमेदवारी इथेही चालते, पण ती सनद हाती आल्यावर.