थडग्यांवरील भाषा : बेथ शेआरीम आणि ठाणे

ठाणे शहरातील 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गद्वार, हे बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात जाऊन स्थायिक झाली. मागे राहिलेल्या आप्तांनी मुलानातवंडांसह हैफानजीकच्या बेथ शेआरीमची भुयारी दफनगृहे पाहिली, तर मशालचिन्हांपेक्षा अक्षरेच त्यांना अधिक बुचकळ्यात टाकतील. यहुद्यांच्या या पवित्र स्मशानात हिब्रू इतकी थोडी, आणि ग्रीक इतकी विपुल का?

बेन्यामिन माझार यांनी १९३६ मध्ये येथे उत्खनन आरंभिले. २०१५ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. चुनखडीच्या टेकडीत कोरलेली ही दालने मुख्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकांतील होत. दारे दगडी, परंतु ती खिळे ठोकलेल्या लाकडी फळ्यांसारखी घडविलेली. आत सापडलेल्या सुमारे तीनशे लेखांपैकी बहुतेक ग्रीक असून उरलेले हिब्रू, अरामी व पाल्मिराच्या भाषेतील आहेत. पाल्मिरा, बैरूत, इतकेच नव्हे तर दक्षिण अरबस्तानातील हिम्यार येथील मृतांनाही येथे विसावा मिळाला.

मिश्नाचे संकलक रब्बी यहूदा हानासी यांना येथेच पुरण्यात आले. मिश्ना हिब्रूत आहे. तरीही इस्राएलच्या भूमीत अरामी कशाला, पवित्र भाषा तरी बोलावी वा ग्रीक तरी, अशा आशयाचे मत तल्मूदने त्यांच्याच नावे नोंदविले आहे. ग्रीक ही परक्यांची भाषा म्हणून केवळ सोसली गेली, हे मानणे म्हणूनच कठीण जाते. लेओन्तिओस व साफो यांचा पुत्र युस्तोस याचा मृत्युलेख तर होमरच्या वृत्तात आहे, आणि त्यात ग्रीकांचा पाताळलोकही निःसंकोच अवतरतो! धर्माने यहुदी असलेल्या मनुष्याचा शोक ज्या भाषेत सहज उमटला, ती त्याची भाषा होय.

हाच न्याय ठाणे व मुंबई येथील बेने इस्राएल दफनभूमींना लावावा. तेथील दगडांवर हिब्रूच्या जोडीला मराठी आढळते. मराठीला या समाजात मिळालेले स्थान केवळ व्यवहारापुरते नव्हते. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये छापले गेले. म्हणजे पवित्र भाषा शिकावयाची तीही मराठीतून. मुंबईचे पहिले बेने इस्राएल प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे लोकांत समाजी हसाजी म्हणून ओळखले जात. शमुएलचे 'समाजी' होणे हे उच्चारसौकर्यापुरते नाही. 'जी' प्रत्ययाने ते नाव मराठी नात्यांत बसविले. दिवे, रोहे, पेण या गावांवरून आलेली आडनावे त्याच प्रक्रियेची पुढची पायरी होत. पूर्वजांचे तारू नवगावनजीक फुटले व बुडालेल्यांना तेथेच ढिगाऱ्यांखाली पुरले, अशी समाजाची परंपरा आहे. तिची ऐतिहासिकता सिद्ध करणे कठीण. मात्र आपले पहिले स्मशान कोकणात दाखविणारा समाज स्वतःला कोठला समजतो, एवढे तीवरून निश्चित कळते.

इस्राएलात आता हिब्रू ही घरची भाषा होत आहे. 'मायबोली' हे नियतकालिक तेथे मराठीत निघाले, तरी नातवंडांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. 'पेणकर' हे आडनाव हिब्रू अक्षरांत लिहिताना 'ण'चा 'न' होतो, कारण त्या लिपीत मूर्धन्य अनुनासिकासाठी चिन्ह नाही. आणि स्वरचिन्हे सहसा दिली जात नसल्याने पहिला स्वर 'ए' की 'इ', हेही घरच्या माणसालाच विचारावे लागते.