गहू गेला, चॉकलेट आले

दुधाचे चॉकलेट ज्या देशात जन्मले तिथे कोकोचे झाड उगवत नाही. त्याची कथा बहुतेकदा संशोधकापासून सुरू करतात. मला ती गोठ्यापासून सांगावीशी वाटते.

आल्प्सच्या उंच कुरणांवर गवताशिवाय फारसे काही येत नाही. उन्हाळ्यात गाई वर न्यायच्या, तिथेच दुधाचे चीज करायचे आणि थंडीआधी सगळ्यांनी खाली उतरायचे, ही स्वित्झर्लंडची जुनी रीत. सपाटीवर मात्र धान्य पिकत असे. १८१५मध्ये बर्न कँटनमधल्या किझन गावात सपाटीवर चीज करणारी डेअरी निघाली आणि हळूहळू गावोगावचे शेतकरी आपल्याकडच्या दूध संस्थांप्रमाणे एकत्र दूध घालू लागले. मग रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व युरोप आणि अमेरिकेतून इतका स्वस्त गहू येऊ लागला की स्विस शेतकऱ्याला तो पिकवणे परवडेना. त्याने नांगर बाजूला ठेवला, गवत लावले, गाई वाढवल्या. आता प्रश्न उरला तो एवढ्या दुधाचे करायचे काय.

त्याचे एक उत्तर अमेरिकेतून आले. पेज बंधूंनी १८६६मध्ये त्सुग सरोवराकाठी खाम इथे आटवलेल्या दुधाचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हव्हे गावात हेन्री नेस्ले यांनी तान्ह्या मुलांसाठी दूध-पिठाचे खाद्य बाजारात आणले. नासणारे दूध डब्यात बसून परदेशी जाऊ लागले.

त्याच व्हव्हेत डॅनियल पीटर मेणबत्त्या करत. रॉकेलच्या दिव्यांपुढे मेणबत्तीचा धंदा मंदावत होता. त्यांची पत्नी फॅनी ही कायेर घराण्यातली. तिच्या वडिलांनी १८१९मध्येच चॉकलेटचा कारखाना काढला होता. पीटर सासरच्या धंद्याकडे वळले, पण तिथे आधीच गर्दी होती. वेगळे काही द्यायचे तर हाताशी होते ते दूध.

आणि दूधच अडले. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी, तर कोकोत निम्म्याहून अधिक स्निग्धांश. दोघांचे जमत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडेसे पाणी पडले तरी त्याच्या गुठळ्या होतात, आणि ओलावा राहिला तर वडी टिकत नाही. पीटर वर्षानुवर्षे या पाण्याशी झुंजत राहिले. वाट सापडली ती आटवलेल्या दुधात, कारण त्यातले बरेच पाणी आधीच गेलेले असते. दुधाच्या चॉकलेटचे जन्मवर्ष १८७५ मानतात. पण विक्रीयोग्य, टिकाऊ वडी साधायला पुढेही बरेच कष्ट पडले. मला या चिकाटीचे फार मोल वाटते. तरीही शेजारी दूध आटवण्याचा उद्योग उभा नसता, तर ही चिकाटी कशाला धरून राहिली असती?

१८७९मध्ये बर्नच्या रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन् तास घोटणारे यंत्र आणले आणि खरखरीत वडी जिभेवर विरघळू लागली. १८९८मध्ये फॅनीच्या वडिलांच्या नातवाने कायेर कारखाना ग्रुयेर भागातल्या ब्रोक गावी, थेट गाईंच्या कुरणांत नेला. तो आजही तिथे आहे.

शेत आणि कारखान्याचे हे नाते पुढे कायद्यातही उतरले. देशातले दूध महाग, म्हणून निर्यात होणाऱ्या पदार्थांतल्या दूध-पिठाच्या किमतीतला फरक सरकार भरून देई. १९७४च्या त्या कायद्याला लोक ‘चॉकलेट कायदा’च म्हणत. जागतिक व्यापार संघटनेच्या निर्णयानंतर ही मदत २०१८अखेर थांबली. आता दूध आणि धान्य उत्पादकांनाच थेट पैसे मिळतात.

२०१७पासून खाद्यपदार्थावर स्विस खूण लावायची तर त्यातल्या कच्च्या मालाचे किमान ८० टक्के वजन देशातले असावे लागते. देशात न पिकणारा कोको या हिशेबात धरत नाहीत. प्रक्रियाही देशातच व्हायला हवी. म्हणूनच टोब्लेरोन या चॉकलेटचे काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवायचे ठरले, तेव्हा २०२३मध्ये त्याच्या वेष्टनावरून मॅटरहॉर्न या स्विस शिखराचे चित्र काढून टाकावे लागले.