चित्रपटांच्या उत्पन्नाची कालसापेक्ष तुलना

वेगवेगळ्या कालखंडांत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांचे व्यावसायिक यश समान निकषांवर पडताळून पाहणे म्हणजे चित्रपटांच्या उत्पन्नाची कालसापेक्ष तुलना होय. तिकिटांचे दर, पैशाचे मूल्य आणि प्रदर्शनाची पद्धत काळानुसार बदलत असल्याने केवळ रकमेवरून लावलेला क्रम बहुधा नव्या चित्रपटांच्या बाजूने झुकतो.

चलनवाढ

अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर १९३९ साली सुमारे २३ सेंट होता. २०१९ मध्ये तो ९ डॉलरच्या पुढे गेला. मूळ रकमेनुसार 'अवतार' (२००९) हा सुमारे २.९ अब्ज डॉलरसह जगात प्रथम क्रमांकावर आहे. 'गॉन विथ द विंड' (१९३९) या चित्रपटाचे उत्पन्न सुमारे ४० कोटी डॉलर असले, तरी चलनवाढ विचारात घेतल्यास तोच सर्वाधिक कमाईचा चित्रपट मानला जातो. मात्र त्याच्या उत्पन्नात अनेक दशकांतील पुनःप्रदर्शनांचा वाटा आहे आणि आरंभीच्या काळात त्याला दूरचित्रवाणीची स्पर्धा नव्हती.

भारतातील निकष

भारतात दीर्घकाळ यशाचे मोजमाप आठवड्यांत होत असे. २५ आठवडे चाललेला चित्रपट रौप्यमहोत्सवी, तर ५० आठवडे चाललेला सुवर्णमहोत्सवी म्हणवला जाई. 'किस्मत' (१९४३) कोलकात्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक, तर 'शोले' (१९७५) मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्या काळी चित्रपटाच्या प्रती मोजक्या असल्याने प्रेक्षक दीर्घ काळात विभागले जात. डिजिटल प्रक्षेपण व बहुपडदा चित्रपटगृहांमुळे चित्रपट आता एकाच दिवशी हजारो पडद्यांवर झळकतो आणि बहुतांश उत्पन्न पहिल्या काही आठवड्यांतच जमा होते.

मराठी चित्रपटसृष्टीतही हा फरक दिसतो. दादा कोंडके यांचे 'सोंगाड्या' (१९७१) पासूनचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले. 'सैराट' (२०१६) हा शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट होय. पहिला विक्रम आठवड्यांचा, तर दुसरा रुपयांचा असल्याने त्यांची थेट तुलना होऊ शकत नाही.

मर्यादा

विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या हा तुलनेने विश्वसनीय निकष असला, तरी लोकसंख्येतील वाढ आणि एकाच प्रेक्षकाने पुन्हा काढलेली तिकिटे त्यातून वेगळी काढता येत नाहीत. शिवाय भारतातील काही आकडे करासहित, तर काही कर वजा करून दिलेले असतात. त्यामुळे तुलनेपूर्वी दोन्ही आकडे एकाच प्रकारचे असल्याची खात्री करणे आवश्यक ठरते.