‘काळी बुरशी’: एका नांवाची छाननी

जुन्या कागदांत संशोधकास नांवांपासून जितका धोका असतो तितका तारखांपासून नसतो. चुकलेली तारीख दुसऱ्या तारखेनें उघडी पडते. चुकीचें नांव मात्र एकदां दफ्तरीं दाखल झालें म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खऱ्यासारखें वावरतें. इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेबरोबर, ‘काळी बुरशी’ हें नांव सर्वतोमुखी झालें. आमच्या मतें तें तीन प्रकारें फसवें आहे. त्या वर्षाचे कागद अद्याप घरोघर शिल्लक आहेत, तोंच त्याची छाननी होणें इष्ट.

प्रथम वर्ण. या रोगाचें शास्त्रीय नांव म्यूकरमायकोसिस. तो उत्पन्न करणाऱ्या बुरशींत ऱ्हायझोपस ही प्रमुख असून तिचे बीजकण मातींत, कुजक्या पाल्यांत व हवेंत सर्वत्र असतात. श्वासावाटे ते आपणां सर्वांच्याच नाकांत जातात; निरोगी देह त्यांचा नाश करतो. देह दुबळा झाला असतां तंतू फुटून रक्तवाहिन्यांत शिरतात, रक्त गोठतें, व पुढील भाग रक्तावांचून मरून काळा पडतो. नाक, त्यालगतच्या अस्थींतील पोकळ्या, डोळा व मेंदू अशी त्याची वाट आहे. कित्येकांचा जीव वांचविण्यासाठीं डोळा काढावा लागला तो यामुळेंच. देहांत शिरणारे तंतू स्वतः वर्णहीन असतात. काळेपणा मृत मांसाचा, बुरशीचा नव्हे. याच नांवाच्या साम्यावर पुढें ‘पांढरी’ व ‘पिवळी’ अशींही नांवें वृत्तपत्रांत निघालीं आणि घोटाळा वाढला.

दुसरें नवेपण. हा रोग २०२१ सालीं उपजला नाहीं. पाल्टाउफ या ऑस्ट्रियन पंडितानें १८८५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४३ सालीं अमेरिकन वैद्यांनीं मधुमेहाशीं त्याचा संबंध तीन रोग्यांवरून दाखविला. चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंत १९९० ते १९९९ या दहा वर्षांत १२९ रोगी नोंदले गेले, तर पुढील पांच वर्षांतच १७८. म्हणजे कोविडपूर्वींच वाढ सुरू होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळांत देशांतील सोळा रुग्णालयांची पाहणी झाली, तींत आधल्या वर्षाच्या त्याच महिन्यांहून रोग दुपटीवर गेल्याचें आढळलें. दुसरी लाट तेव्हां यावयाची होती.

तिसरा भ्रम सर्वांत घातक, कारण तो सरकारी कागदांतून उत्पन्न होणारा आहे. मे २०२१ मध्यें केंद्र सरकारनें राज्यांस हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं नोंदणीस पात्र ठरविण्यास सांगितलें. राजस्थाननें तर त्यास साथ म्हणूनच जाहीर केलें. हा कायदा आमच्या वाचकांस परिचित आहे. मुंबईंतील प्लेगामुळें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं तो झाला. त्याच वर्षींची पुण्यांतील घरझडती व २२ जूनचा रँडवरील हल्ला यांची कागदपत्रें अनेकांनीं चाळलीं असतील. प्लेग पसरणारा रोग होता. म्यूकरमायकोसिस एका माणसापासून दुसऱ्यास होत नाहीं. नोंदणीचा हेतु रोगी मोजणें व अँफोटेरिसिन हें दुर्मिळ झालेलें औषध पोंचविणें यास उपयुक्त होता, यांत शंका नाहीं. परंतु शंभर वर्षांनीं केवळ कायद्याचें नांव पाहणारा अभ्यासक दोन्ही रोगांस एकाच पंक्तीस बसवील.

मग संख्या कां वाढली? सरकारी आंकडेच याची साक्ष देतात. २८ जून २०२१ पर्यंत ४०,८४५ रोगी व ३,१२९ मृत्यू नोंदले गेले. त्या रोग्यांपैकीं ३४,९४० जणांस कोविड होऊन गेला वा झालेला होता. २६,१८७ मधुमेही होते. २१,५२३ जणांस स्टेरॉइड औषधें दिलीं होतीं. स्टेरॉइडांचा दोष सरसकट काढणेंही न्याय्य नव्हे. जून २०२० च्या इंग्लंडमधील प्रयोगानें, प्राणवायु लागणाऱ्या रोग्यांचे मृत्यू डेक्सामेथासोननें कमी होतात हें सिद्ध केलें. ज्यांस प्राणवायु लागत नाहीं त्यांस मात्र लाभ दिसला नाहीं. हेंच औषध रक्तांतील साखर चढवितें व देहाचें रक्षणबल उतरवितें. विषाणु, मधुमेह व अमर्याद औषध यांच्या संगमावर ही बुरशी पोसली गेली.

मूळ रोगामागून येणाऱ्या व त्याच्या आश्रयानें वाढणाऱ्या विकारास चरकसंहिता ‘उपद्रव’ म्हणते. प्राचीनांस म्यूकरमायकोसिस ठाऊक होता असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. तसा आधार नाहीं. पण ‘साथ’ या शब्दापेक्षां ‘उपद्रव’ हा शब्द वस्तुस्थितीशीं अधिक जुळतो, व दृष्टि बुरशीवरून रोग्याच्या पूर्वस्थितीकडे नेतो.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, २०२१ चीं औषधपत्रें, रुग्णालयांच्या नोंदी व परिपत्रकें मिळतील तेथून जतन करावीं. सूचींत ‘म्यूकरमायकोसिस’ हें मुख्य नांव घालून ‘काळी बुरशी’ हें लोकनाम म्हणून द्यावें. रोग्याची ओळख झांकावी, पण मधुमेह होता कीं नाहीं व स्टेरॉइड किती दिवस दिलें हें वगळूं नये. रोग्याची खरी हकीकत त्याच दोन नोंदींत आहे. त्या गहाळ झाल्या तर पुढील पिढीच्या हातीं केवळ एक भयंकर नांव उरेल.