नारू गेला, जंत का राहिले?

मी सोनईचा. नेवासे तालुका, शनिशिंगणापूरच्या शेजारचं साखर कारखान्याचं गाव. आणि या साखरेच्या गावात लहानपणी आम्हाला धमकी कसली, तर "गोड खाऊ नको, जंत होतील!" रात्री पोरानं दात खाल्ले की सकाळी वावडिंगाचं पाणी ठरलेलं. वावडिंग हे काही आजीच्या मनचं नाही बरं का. चरकसंहितेत कृमींचे 20 प्रकार सांगितलेत आणि कृमींवर सगळ्यात गुणकारी म्हणून वावडिंगाचंच नाव आहे.

साखर मात्र निर्दोष आहे. जंत येतात मातीतून. गोल जंताची एक मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते. माणूस उघड्यावर बसला की ती मातीत, आणि तिथून न धुतलेल्या हातावरून, भाजीवरून पुन्हा पोटात. अंकुशकृमीची तर अळीच ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. उसाला पाणी धरताना पायात काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. ऊब आणि ओल, एवढंच त्यांना लागतं. म्हणून हे दुखणं उष्ण प्रदेशाचं. 1947 साली नॉर्मन स्टोल या अमेरिकन शास्त्रज्ञानं जगाचा हिशेब मांडला, तेव्हा एकट्या गोल जंताचे रुग्ण 64 कोटींच्या वर निघाले. आज मातीतले सगळे जंत धरून जागतिक आरोग्य संघटना सुमारे 150 कोटी म्हणते.

आता नारू आठवा. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. विहिरीच्या पाण्यातून पोटात जायचा, वर्षभरानं पायाला फोड यायचा आणि त्यातून जवळपास मीटरभर लांब दोरा बाहेर. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तोच पाय घेऊन माणूस बारवेच्या पायऱ्या उतरला की पिल्लं पाण्यात! महाराष्ट्र नारूच्या 7 राज्यांपैकी एक होता. त्यावर ना लस, ना औषध. तरी 1980च्या दशकात मोहीम निघाली. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे आले, हातपंप आले, पाणी फडक्यानं गाळायची सवय लावली गेली. 1996 मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

जंतांवर तर औषध आहे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला 1 ते 19 वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल फुकट मिळतं. पण गोळीनं पोट साफ होतं, माती नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शिवाय नारू दिसायचा, अख्खं गाव विहिरीकडे बोट दाखवायचं. जंत झालेलं पोर नुसतं फिकट दिसतं, वर्गात पेंगतं. आपण म्हणतो, नीट जेवत नाही.

गेल्या खेपेला माझ्या पुतणीच्या दप्तरात ती गोळी तशीच सापडली, कागदात गुंडाळलेली. का नाही खाल्लीस, विचारलं.

"काका, मी कुठे गोड खाते?"